तुवालूचे दुसरे खाते

छोट्या बेटराष्ट्रांच्या सरकारी खर्चाची चर्चा बहुधा भ्रष्टाचार आणि परदेशी मदत या दोनच मुद्द्यांभोवती फिरते. माझ्या मते मूळ दुखणे उत्पन्नाच्या लहरीपणात आहे आणि प्रशांत महासागरातल्या तुवालूकडे पाहिले की ते नीट कळते. जेमतेम 11 हजार वस्तीच्या या देशाचे चलन ऑस्ट्रेलियाचे आहे, स्वतःची मध्यवर्ती बँक नाही, त्यामुळे तूट आली तरी नोटा छापण्याची सोय नाही. आणि उत्पन्नाचा मोठा वाटा परदेशी ट्यूना जहाजांच्या परवाना शुल्काचा, जो एल निन्योने (काही वर्षांनी प्रशांत महासागराचे पाणी तापते त्या स्थितीने) मासे पूर्वेकडे ढकलले की फुगतो आणि पुढे आटतो.

यावर 1987 साली ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्रिटन यांच्या मदतीने, सुमारे 2.7 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या भांडवलावर, तुवालू ट्रस्ट फंड उभा राहिला. त्यातल्या 'ए' खात्यातील मुद्दलाला सरकारने हात लावायचा नाही. महागाई जमेस धरून ठरलेल्या मूल्यापेक्षा बाजारमूल्य जास्त भरले, तरच वरची रक्कम 'बी' खात्यात येते आणि तिथून अर्थसंकल्पासाठी उचलता येते. नियम पैसा येण्याआधी ठरला, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. शेजारच्या नाउरूकडे फॉस्फेटमुळे कितीतरी अधिक संपत्ती होती, पण ती मेलबर्नमधल्या गगनचुंबी इमारतीपासून लंडनच्या एका फसलेल्या संगीतिकेपर्यंत (होय, संगीतिकेपर्यंत!) वाटेल तिथे गुंतवली गेली, आणि ती इमारतही 2004 मध्ये विकावी लागली.

तरीही तुवालूची व्यवस्था अर्धीच आहे, कारण 'बी' खात्यातून किती उचलायचे हा निर्णय शेवटी सरकारचाच असतो. मासळीच्या चांगल्या वर्षी वाढवलेले पगार वाईट वर्षी कमी करता येत नाहीत. म्हणून परवाना शुल्काची गेल्या काही वर्षांची सरासरी एवढेच नेहमीचे उत्पन्न धरावे आणि वरची रक्कम थेट 'बी' खात्यात जावी, असा कायदाच हवा. रुग्णांना उपचारासाठी परदेशी पाठवण्याच्या योजनेवर कठोर मर्यादा घालणे मात्र मला पटत नाही. ज्या देशात मोठ्या शस्त्रक्रियांची सोयच नाही, तिथे त्या खर्चाचा वास्तव अंदाज आधीच मांडणे हाच प्रामाणिकपणा आहे. देणगीदारांनी बांधून दिलेल्या इमारती आणि बोटी यांचा देखभाल खर्चही, त्या स्वीकारतानाच, पुढच्या वर्षांच्या अर्थसंकल्पात लिहिला गेला पाहिजे. खाऱ्या हवेत लोखंड फार काळ टिकत नाही, आणि नवी बोट देणारा देश तिच्या इंजिनाच्या दुरुस्तीला क्वचितच पैसे देतो.