शेवटची नावं येईपर्यंत बसा हो जरा

आज घरी सगळे जेवायला होते. मार्गशीर्ष संपून आठवडा झालाय, २०२५ चा शेवटचा रविवार, म्हणून मटणाचा बेत. काका-काकू डोंबिवलीहून आले, धाकटा भाऊ शनिवारची नाइट मारून सकाळी सातला घरी पोचला होता तो डोळे चोळत अकराला उठला. माझ्या लेकाने फ्रिजवर एक कागद चिकटवलाय, २०२६ मध्ये कुठले कुठले अ‍ॅनिमेशनचे सिनेमे येणार त्याची यादी, तारखांसकट, स्केचपेनने. काकांनी तो कागद वाचला आणि पानावर बसल्या बसल्या म्हणाले, "आता हे सगळं मोबाइलवरच होणार. एआयला सांगायचं असं असं कार्टून पाहिजे, दोन मिनिटांत तयार. माणसं लागतायत कशाला?"

समोर धाकटा बसला होता. आठ वर्षं झाली, हेच काम करतोय तो. त्याने मान वर केली, "हो काका, होईल तसंही" म्हणाला आणि भात वाढून घेतला.

मी तेव्हा काही बोलले नाही. काका मोठे आहेत, पाहुणे आहेत, भाकऱ्या तव्यावर होत्या. पण दुपारपासून डोकं फिरलंय आणि आता सगळे गेल्यावर लिहायला बसलेय. लांबलचक होणार आहे, आधीच सांगते.

धाकटा लायटिंगला आहे. म्हणजे काय ते मलाही तीन वर्षं कळत नव्हतं. एकदा त्याने समजावलं. समज, एक पात्र खिडकीशी बसलंय, बाहेर पाऊस आहे, काचेवरचे थेंब ओघळतायत आणि रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड त्या थेंबांतून त्याच्या गालावर पडतोय, हलतोय. तो उजेड आपोआप पडत नाही. कॉम्प्युटरमध्ये दिवा कुठे ठेवायचा, किती पिवळा, किती मऊ, गालावर किती आणि नाकाच्या सावलीत किती, हे माणूस ठरवतो. मग रेंडरला लावायचं, म्हणजे कॉम्प्युटर त्याची पक्की चित्रं तयार करत बसतो, सकाळी बघायचं, क्लायंटचा फीडबॅक येतो "थोडं उदास वाटू द्या", की परत. त्याचा तो शॉट तीन सेकंदांचा होता आणि तीन आठवडे चालला. तीन सेकंद म्हणजे ७२ फ्रेम, सेकंदाला २४ च्या हिशोबाने.

तर त्या सिनेमाच्या शेवटी पहिल्यांदा त्याचं नाव येणार होतं. त्याच्या आधी चार सिनेमे केले त्याने, एकातही नाव नाही. बाहेरच्या स्टुडिओचं आउटसोर्सचं काम असलं की तिकडून ठरावीकच जागा मिळतात म्हणे, शंभर जण राबले तर तीस-चाळीस नावं जातात, कोणाची जाणार ते वर कुणीतरी ठरवतं. पाचव्यात आलं. आईला सांगितलं तर तिने इस्त्रीची कॉटनची साडी काढली. कार्टूनला. घोडबंदर रोडवरच्या एका मॉलमध्ये गेलो आम्ही चौघं, रविवारी सकाळचा शो, कारण अ‍ॅनिमेशनला बाकी वेळा मिळतातच कुठे. आई पूर्ण सिनेमा शांत बसली, तिला हिंदीतलं ते भराभर बोलणं अर्धं कळलं नसणार. सिनेमा संपला, नावं सुरू झाली आणि तिने पर्समधून चष्मा काढला.

दीड मिनिटात दिवे लागले. झाडूवाला मुलगा आला, "मॅडम, संपला पिक्चर." मी म्हटलं थांब रे बाबा, नावं बघायचीयत. तो बिचारा थांबला. पण वरून कुणीतरी बंदच केलं. पडदा पांढरा. धाकट्याचं नाव यायला अजून पाच-सहा मिनिटं तरी होती, या मोठ्या सिनेमांची नावं आठ-आठ दहा-दहा मिनिटं चालतात.

आईने विचारलं, "आलं का रे तुझं नाव?"

आणि तो म्हणाला, "आलं ना. तू पर्समध्ये चष्मा शोधत होतीस ना, तेव्हाच गेलं."

मला अजून ते वाक्य आठवलं की घशात काहीतरी अडकतं.

माणसं लागतायत कशाला!! काका, याच मार्चमध्ये तुम्ही एआयवर तो जपानी कार्टूनसारखा फोटो करून डीपीला लावला होतात, काकूंचा पण केलात, सगळ्या ग्रुपवर टाकलात, मी पण छान म्हटलं तेव्हा, म्हणायला नको होतं. ती ज्यांची स्टाइल आहे ना, स्टुडिओ घिबली, त्यांच्याकडे दिग्दर्शक मियाझाकींच्या 'द विंड रायझेस'मध्ये भूकंपानंतरच्या गर्दीचा एक शॉट आहे, चार सेकंदांचा. तो एका माणसाने हाताने काढला आणि त्याला एक वर्ष तीन महिने लागले. चार सेकंदांना सव्वा वर्ष. गर्दीतला प्रत्येक माणूस वेगळा चालतोय, कुणी सामान उचलतंय, कुणी मागे बघतंय. तुम्ही त्या सव्वा वर्षाचा डीपी दोन मिनिटांत केलात आणि वर म्हणताय माणसं कशाला.

बरं, मान्य आहे, एआय येणार, काही कामं जाणार, धाकटा स्वतः म्हणतो की रोटो-पेंटवाल्यांची, म्हणजे एकेका फ्रेममधून माणसं-वस्तू कापून काढणाऱ्यांची आणि नको ते पुसणाऱ्यांची, धाकधूक आधीच वाढलीय. मला ते कळतं, मी डोळे मिटून बसलेली नाहीये. पण जाणारं काम म्हणजे कुणाचं तरी पोट आहे, ते जाताना तुम्ही टाळ्या वाजवू नका एवढंच.

आणि हे आपल्याकडे काय नवीन आहे का? दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' करायच्या आधी १९१२ मध्ये काय केलं? कुंडीत वाटाणा लावला आणि कॅमेरा समोर ठेवून रोज थोडं थोडं शूट करत त्याचं रोप वाढताना दाखवलं. ती छोटी फिल्म दाखवून लोकांना पटवलं, भांडवल उभं केलं. १९१५ मध्ये तर आगकाड्यांना नाचवलं पडद्यावर. नाशिकचा माणूस हो आपला! आणि सरस्वतीबाई, त्यांच्या बायको, रात्री फिल्मला भोकं पाडायच्या, फिल्म धुवायच्या, घरातल्या अख्ख्या युनिटचा स्वयंपाक करायच्या, दागिनेसुद्धा गेले त्यांचे. फाळक्यांच्या नावाने एवढा मोठा पुरस्कार आहे, सरस्वतीबाईंचं नाव कितीजण घेतात? तेव्हापासून हेच चाललंय, काम करणाऱ्याचं नाव मागे आणि मागचं नाव येईपर्यंत दिवे लागलेले.

त्या लेकाच्या यादीकडे येते, नाहीतर तो उद्या विचारेल माझ्याबद्दल काहीच का नाही लिहिलंस.

१३ फेब्रुवारीला 'गोट' आहे, एक बकरा मोठ्या मोठ्या प्राण्यांमध्ये जाऊन बास्केटबॉलसारखा खेळ खेळतो. ६ मार्चला पिक्सारचा 'हॉपर्स', त्यात एक मुलगी आपलं मन यंत्राच्या बीव्हरमध्ये (उंदराच्या जातीचा प्राणी) घालते आणि जनावरांशी बोलते, हा मला स्वतःला बघायचाय. एप्रिलमध्ये व्हिडिओ गेमवाला मारिओ. १९ जूनला 'टॉय स्टोरी ५', त्यात खेळण्यांच्या समोर आता टॅबलेट उभा राहिलाय, प्रत्येक घरातलं भांडण आहे ते, आमच्याकडे तर जेवताना रोज. १ जुलैला मिनियन्स ३. या तारखा अमेरिकेच्या, आपल्याकडे एखादा दिवस मागेपुढे. मला माहितीये त्यात अर्धे दुसरे-तिसरे-पाचवे भाग आहेत, नवीन काही सुचत नाही का यांना असं मलाही वाटतं. पण १९९५ चा पहिला 'टॉय स्टोरी' मी शाळेत असताना केबलवर बघितला होता आणि आता माझा लेक पाचवा बघणार, हे मला आवडतं, काय करू.

आणि त्या 'टॉय स्टोरी'चीच गंमत ऐका. त्याच्या शेवटी सिनेमा बनत असताना स्टुडिओतल्या लोकांना जी बाळं झाली त्यांची नावं आहेत. बाळांची! तिथून ती पद्धतच पडली. मी हे धाकट्याला सांगितलं तर तो म्हणाला हो माहितीये, छान वाटतं वाचून. मला नाही छान वाटलं. म्हणजे वाटलं, आधी वाटलं, मग राग आला. तिकडे जन्मलेल्या बाळाला पण जागा आहे आणि मालाडला रात्रपाळी करून पहाटे घोडबंदरच्या खड्ड्यांतून घरी येणाऱ्या पोराला चार सिनेमे जागा नव्हती.

जाऊ दे. परत तिथेच येतेय मी.

हे पण म्हणायला पाहिजे की हे वर्ष वाईट नव्हतं. 'महावतार नरसिंह' जुलैमध्ये आला आणि कार्टून म्हणजे पोरांचं म्हणणारी माणसं चपला काढून बसली थिएटरात, ३०० कोटींच्या वर धंदा केला त्याने. काका, तुम्ही पण गेला होतात, हात जोडलेत, काकूंनीच सांगितलं. त्या खांबातून नरसिंह बाहेर आला तो माणसांनीच काढला होता. मार्चमध्ये लॅटव्हियाच्या 'फ्लो'ला ऑस्कर मिळालं, एका मांजराची गोष्ट, एक शब्द बोलत नाही कुणी, आणि ब्लेंडर नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलेला आहे अख्खा. धाकट्याने ते कळल्यापासून घरी ब्लेंडर शिकायला घेतलंय, रविवारी. झोपायचं सोडून. आणि चीनचा 'नेझा २', २०० कोटी डॉलरच्या पुढे गेला, जगात कुठल्याच अ‍ॅनिमेशनने एवढा धंदा केला नव्हता. त्याचा दिग्दर्शक औषधशास्त्र शिकलेला, ते सोडून घरी बसला आणि तीन-साडेतीन वर्षं एकट्याने एक छोटी फिल्म करत राहिला. घर कशावर चालत होतं? आईच्या पेन्शनवर.

हे मी आईला वाचून दाखवलं तेव्हा ती भाजी निवडत होती. काही बोलली नाही, नुसतं "हं" केलं. बारावीनंतर धाकट्याच्या कोर्सची फी भरायला तिने एफडी मोडली होती, तेव्हा याच सगळ्या नातेवाइकांनी विचारलं होतं चित्रं काढून पोट भरतं का. भरलं. ईएमआय पण भरतोय तो.

थिएटरवाल्यांनो, तुमचंही कळतं मला, पुढचा शो पंधरा मिनिटांत, हॉल झाडायचा असतो, पॉपकॉर्न सांडलेला असतो सगळीकडे, त्या झाडूवाल्या पोरांना तर मी एक शब्द बोलणार नाही, त्यांची नावं तर कुठल्याच पडद्यावर येत नाहीत. पण पडदा तरी चालू ठेवा ना. दिवे लावा, झाडा, पण नावं जाऊ द्या. तिकिटाचे पैसे त्या आठ मिनिटांचे पण घेतलेत तुम्ही. आणि प्रेक्षकहो, सुपरहिरोवाल्या सिनेमांत शेवटी एक सीन असतो म्हणून आपण गुपचूप बसतोच की शेवटपर्यंत, मोबाइल बघत का होईना. मग इथे काय होतं?

सगळे गेल्यावर मी धाकट्याला विचारलं, काकांना काही बोलला का नाहीस. म्हणाला, "ताई, ते टाळ्या वाजवून बोलत नव्हते गं, त्यांना खरंच वाटतं तसं." माझ्यापेक्षा शहाणा आहे तो. काका, तुम्ही हे वाचाल, फेसबुकवर असता तुम्ही. रागावू नका. पुढच्या वेळी आलात की त्याला त्याचा तो खिडकीचा शॉट दाखवायला सांगा, मटण मी परत करीन.

त्याचा सहावा सिनेमा पुढच्या वर्षी आहे. कुठला ते सांगता येत नाही, गुप्त ठेवायची सही केलेली असते, आम्हालाही माहीत नाही, वरच्या यादीतला नाही एवढंच तो बोलला. नाव येणार का, तेही अजून नक्की नाही. ठाण्यात, नाहीतर मुलुंड-ऐरोलीकडे, नावं शेवटपर्यंत दाखवणारं थिएटर कुणाला माहीत असेल तर प्लीज कमेंटमध्ये सांगा, सिंगल स्क्रीन असलं तरी चालेल, लांब असलं तरी चालेल.

आईने मघाशी नवीन कालनिर्णय काढून स्वयंपाकघरात लावलं आणि विचारलं तारीख कधी आहे रे तुझ्या पिक्चरची. धाकटा म्हणाला अजून ठरली नाही. ती म्हणाली बरं, ठरली की सांग, यावेळी मी पर्स आणणारच नाहीये, चष्मा घरूनच लावून येईन.