बाईमाणसाला छोटंसं पिस्तूल? नको गं बाई

ह्यूस्टनच्या आमच्या बाजूला, केटी-शुगरलँडकडे, मराठी बायकांच्या ग्रुपवर शाळा, डबेवाल्या काकू आणि ढोलताशाची प्रॅक्टिस सोडून आणखी एक विषय हल्ली निघतो. ग्रुपवर उघड कुणी बोलत नाही, पण मग मला वेगळा मेसेज येतो: "ताई, तुझ्याकडे आहे ना? मी कुठलं घेऊ? छोटंसंच घेते, पर्समध्ये मावेल असं." प्रत्येकीला तेच तेच टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून ही लांबलचक पोस्ट. ज्यांना हा विषयच नकोसा वाटतो त्यांनी इथूनच पुढे सरकावं, मला राग नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. छोटं घेऊ नका. नवशिकीने तर नाहीच नाही.

मी घरं विकते. अनोळखी माणसाला एकटीने रिकाम्या घरात न्यायचं, कपाटं-बाथरूम उघडून दाखवायची, हे माझं रोजचं काम. बहुतेक गिऱ्हाइकं साधी असतात, व्याजदराच्या काळजीत बुडालेली. तरी पहिली भेट मी ऑफिसातच घेते, त्यांच्या लायसन्सचा फोटो काढून ठेवते, आणि जिन्यावर नेहमी गिऱ्हाइकाला पुढे घालते. पिस्तूल या सगळ्याच्या नंतर येतं. हे मुद्दाम लिहितेय, कारण एकदा पिस्तूल कमरेला आलं की बाकीची सावधगिरी गुंडाळून ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्यात. पुरुष तर त्याहून जास्त.

आता छोट्याकडे येऊ. दुकानात बाई शिरली की काउंटरमागचा माणूस न विचारता दोनच वस्तू काचेवर काढून ठेवतो. एक म्हणजे आखूड नळीचं, पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर, बहुधा स्मिथ अँड वेसनचं ६४२ किंवा त्याचं भावंड, वजन ४०० ग्रॅमच्या आसपास. दुसरं रुगर एलसीपीसारखं तळहातात मावणारं, .३८० मापाच्या गोळीचं पिस्तूल. ते २००८ मध्ये आलं आणि जेमतेम पावणेतीनशे ग्रॅमचं आहे. कधी गुलाबी, कधी मोरपंखी. हातात घेतलं की तोंडातून निघतंच, "अय्या, किती हलकं!" घोळ होतो तो इथेच. गोळी तीच असेल तर पिस्तूल जितकं हलकं तितका धक्का तुमच्या मनगटाला जास्त. मूठ एवढी आखूड की करंगळीला जागाच उरत नाही. नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच इतकी जवळ की नेमातली बारीक चूक डोळ्याला दिसतच नाही, कागदावर मात्र चांगली वीतभर दिसते. रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर ओढायला तर पाच किलोच्या वर जोर लागतो. आख्ख्या रिव्हॉल्व्हरचं वजन त्याच्या दहाव्या हिश्शाचंही नाही, त्यामुळे ट्रिगर मागे येईपर्यंत नळी कुठल्या कुठे गेलेली असते. पंचवीस वर्षं नेम धरणाऱ्या माणसाच्या हातात ही हत्यारं चांगली चालतात. म्हणजे जी उस्तादाची वस्तू, ती आपण नवशिकीच्या हातात देतो आणि वर म्हणतो, बायकांसाठी खास.

स्लाइडचंही तसंच. स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, तो मागे ओढून सोडला की गोळी नळीत जाते. लहान पिस्तुलाची स्लाइड ओढायला सोपी असेल असं वाटतं ना? उलट असतं. स्लाइड हलकी आणि मागे यायला जागा कमी, म्हणून आत स्प्रिंग कडक घालावी लागते. ज्यांच्या बोटांत ताकद कमी त्यांच्याच माथी कडक स्प्रिंग. याला सन्माननीय अपवाद म्हणजे स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझेड, .३८० मध्ये २०१८ ला आलेलं. त्याची स्लाइड खरंच लोण्यासारखी मागे येते. संधिवात असलेल्या एका काकूंना मी तेच सुचवलं, आणि आजही सुचवेन. बाकीच्यांनी ओढायची पद्धत शिकून घ्या. चिमटीत धरून ओढायचं नाही. डाव्या हाताचा पंजा स्लाइडवर पालथा ठेवायचा, चारही बोटांनी घट्ट आवळायचं, कोपर छातीजवळ घ्यायचं, आणि उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकलायचं. नळी कायम समोर, बोट ट्रिगरच्या बाहेर. दंडाची ताकद कामाला लागते आणि "मला जमतच नाही" म्हणणाऱ्या बायका पाच मिनिटांत सटासट ओढायला लागतात. मॅगझिनमध्ये, म्हणजे गोळ्यांच्या पेटीत, शेवटची दोन-तीन काडतुसं दाबताना अंगठ्याची नखं तुटतात, त्यासाठी मॅगलुला नावाचं प्लास्टिकचं साधन मिळतं. घ्या ते, त्यात कमीपणा नाही.

मी स्वतः बरीच वर्षं ग्लॉक १९ वापरलं आणि सध्या बहुतेक दिवस सिग पी३६५ एक्सएल असतं. दोन्ही ९ एमएम मापाच्या गोळीची. दोन्हींबद्दल मालकीण म्हणून बोलते.

ग्लॉक १९ हे १९८८ पासूनचं. ऑस्ट्रियन सैन्यासाठी बनलेल्या ग्लॉक १७ ला थोडं कापून छोटं केलेलं. पंधरा गोळ्या, चार इंची नळी, भरल्यावर साधारण ८५० ग्रॅम. दिसायला ठोकळा. ट्रिगर स्टेपलरसारखा, खुसखुशीत वगैरे काही नाही. पण ते धूळ, घाम, हयगय सगळं सोसतं, सुटे भाग आणि होल्स्टर, म्हणजे अंगावर अडकवायचं म्यान, कुठेही मिळतात, आणि मुख्य म्हणजे हातात स्थिर राहतं. लहान हातांना मूठ जाड लागते ही तक्रार खरी आहे. २०१० च्या चौथ्या पिढीपासून मुठीचा मागचा भाग बदलता येतो, सगळ्यात बारीक ठेवला तर माझं बोट ट्रिगरवर नीट पोहोचतं. २०१७ च्या पाचव्या पिढीत मुठीवरचे बोटांचे खळगे काढून टाकले हे फार बरं केलं. ते कुणा धिप्पाड माणसाच्या बोटांच्या मापाने पाडले होते, देव जाणे.

"त्याला बाहेरून सेफ्टीचा खटका नाही म्हणे, कंबरेत फुटलं तर?" हा प्रश्न हमखास येतो. आतल्या सेफ्ट्या ट्रिगर दाबल्याशिवाय सुटत नाहीत. म्हणजे सगळा प्रश्न ट्रिगरला काय लागतं याचा. म्हणून होल्स्टर कायडेक्स नावाच्या कडक प्लास्टिकचं, ट्रिगर पूर्ण झाकणारं हवं, आणि पिस्तूल परत आत घालताना घाई नको. कुर्त्याचं टोक, जॅकेटची दोरी, काहीही त्यात अडकू शकतं. वीस डॉलरच्या मऊ कापडी होल्स्टरमध्ये सहाशे डॉलरचं पिस्तूल घालणाऱ्यांना काय म्हणावं? तुम्हाला त्यापेक्षा खटकावालं बरं वाटत असेल तर खुशाल घ्या, मात्र खटका खाली करायचा सराव हवा.

पी३६५ ने २०१८ मध्ये बाजार हलवला तो मॅगझिनमुळे. त्याआधी एवढ्या आकारात सहा-सात गोळ्यांवर समाधान मानायचं, याने दहा बसवल्या. मग एकेक करत सगळ्यांनाच तसं काढावं लागलं. माझं एक्सएल म्हणजे त्याचंच लांब भावंड, पावणेचार इंची नळी, बारा गोळ्या, रिकामं सहाशे ग्रॅमच्या आत. मूठ बारीक, माझ्या हाताला ग्लॉकपेक्षा छान बसते. पण धक्का? ग्लॉकपेक्षा जास्त आणि जरा टोचरा. पन्नास गोळ्यांनंतर अंगठ्याखालचा मांसल भाग हुळहुळतो. ग्लॉकवर दीडशे सहज होतात. याचा अर्थ सरळ आहे, सराव ग्लॉकवर जास्त होतो. ज्या बाईला एकच परवडणार आहे तिने ग्लॉक १९ किंवा त्याच आकारातलं दुसऱ्या कुठल्या कंपनीचं घ्यावं. ब्रँडवरून मी भांडणार नाही.

"एवढं मोठं लपणार कुठे?" लपतं. कपड्यातून दिसते ती नळी नव्हे, मुठीचं टोक दिसतं. नळी तर पँटच्या आतच असते, उलट जरा लांब असली तर मूठ अंगाशी धरून ठेवते. पुढच्या बाजूला, बक्कलाच्या जरा उजवीकडे घातलं आणि वरून सैल कुर्ती असली की कुणाच्या लक्षात येत नाही. अडचण असते पट्ट्याची. बायकांच्या जीन्सना पट्टा घालायच्या फिती बोटभर रुंद, आणि लेगिंग्जना त्याही नाहीत. त्यासाठी कमरेभोवती वेगळा पट्टा येतो, त्यात कायडेक्सचं कवच असलेलाच घ्या. सलवारीच्या नाडीवर भरवसा ठेवू नका. आणि साडी? साडीच्या दिवशी घरी तिजोरीत. निऱ्या सांभाळू की पिस्तूल?

पर्स मात्र नको म्हणजे नको. पर्स आपण कार्टमध्ये ठेवतो, खुर्चीला अडकवतो, मैत्रिणीला "जरा धर गं" म्हणून देतो. ती हिसकावली की पिस्तूलही गेलं. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोत हेडन गावच्या वॉलमार्टमध्ये दोन वर्षांच्या मुलाने कार्टमध्ये बसल्या बसल्या आईच्या पर्समधून पिस्तूल काढलं, गोळी सुटली आणि आई जागच्या जागी गेली. तिच्याकडे परवाना होता, पर्सही खास पिस्तुलासाठीचा कप्पा असलेली. हे सांगितल्यावर माझ्याशी पर्सवरून कुणी वाद घालत नाही.

इंटरनेटवर मालकांची मतं वाचाल तेव्हा बघा, लिहिणाऱ्याने किती गोळ्या झाडल्यात आणि किती महिने अंगावर बाळगलंय. "आज घेतलं, पन्नास झाडल्या, लोणी!" याला शून्य किंमत. मला कामाची वाटतात ती कुरकुरीची मतं. घामाने मॅगझिनवर गंजाचे ठिपके आले, मुठीचा खरखरीतपणा पोटाला घासतो, गाडीत बसलं की टोक बरगडीत घुसतं. ह्यूस्टनच्या ऑगस्टमध्ये यातली एकेक गोष्ट मी अंगावर भोगलीय. सुती कुर्तीचे तंतू मागच्या नेमाच्या खाचेत कसे जाऊन बसतात हे मात्र एकाही पुरुषाने लिहिलेलं मला सापडलं नाही. महिन्यातून दोनदा जुन्या टूथब्रशने काढते.

आपल्या लोकांसाठी थोडं वेगळं. एच-१बी, एच-४, एफ-१ व्हिसावर असाल तर केंद्राच्या कायद्याने बंदूक विकत घेणं किंवा बाळगणं सहसा गुन्हा आहे. शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद आहेत, पण ते फेसबुकवर नव्हे, वकिलाला विचारा. ग्रीन कार्ड झालं की घेता येतं. टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या पात्र माणसाला परवान्याशिवाय बाळगता येतं, तरी मी म्हणेन परवाना काढाच. इतर अनेक राज्यांत तो चालतो, आणि निदान वर्ग पूर्ण करून पन्नास गोळ्यांची परीक्षा द्यावी लागते, २५० पैकी १७५ गुणांची. आपला गणपती बहुतेक वेळा शाळेच्या सभागृहात असतो. शाळेच्या इमारतीत पिस्तूल न्यायचं नाही, परवाना असला तरी. आरतीच्या दिवशी घरीच ठेवून या, गाडीतही नको, गाड्या फुटतात. सतराच्या आतलं मूल हात घालू शकेल अशा जागी भरलेलं पिस्तूल ठेवणं इथे गुन्हा आहे, तेव्हा पिस्तुलाच्या आधी बोटाच्या ठशाची किंवा आकड्यांची छोटी तिजोरी घ्या. घरात कुणाचं मन थाऱ्यावर नसेल, नैराश्य असेल, तर घेऊच नका. या देशात बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात.

आणि रेंजची, म्हणजे नेमबाजीच्या सरावाची, बॅग भारतवारीला अजिबात नेऊ नका! कोपऱ्यात राहिलेलं एक काडतूस तिकडच्या विमानतळावर सापडलं तर आर्म्स ॲक्टखाली पोलीस ठाण्याच्या चकरा. तिकडे ९ एमएम साध्या नागरिकाला मिळतच नाही. सांगलीला माझ्या मामांकडे परवान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर होतं, निवडणूक लागली की ते बिचारे पोलीस ठाण्यात जमा करून पावती घेऊन यायचे. मी दुकानात फॉर्म भरून त्याच दुपारी पिस्तूल घरी आणलं हे ऐकून मामा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "आणि जावईबापूंना विचारलंस का?"

तर घेण्याआधी रेंजवर भाड्याने घेऊन झाडून बघा. छोटं, मध्यम, दोन्ही. आपापला कागद जवळजवळ धरा, मला काही सांगावं लागणार नाही. एकट्या जायला बिचकत असाल तर मी येते सोबत, रविवारी सकाळी रेंज रिकामी असते. शनिवारी विचारू नका, ओपन हाऊस आहेत.