लायसँडरचं यश पायलटाइतकंच जमिनीवरच्यांचं

दुसऱ्या महायुद्धात जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये रात्री गुपचूप उतरून ब्रिटिशांच्या हेरांची ने-आण करणाऱ्या लायसँडर या छोट्या विमानावरचा लेख आवडला, पण त्या मोहिमांचं सगळं श्रेय पायलटांना दिलंय ते थोडं खटकलं. पायलट धाडसी होतेच. एकटा माणूस, मांडीवर नकाशा, खाली चांदण्यात चमकणारी नदी, एवढ्यावर शेत शोधायचं. म्हणून तर बहुतेक उड्डाणं पौर्णिमेच्या आसपास व्हायची. पण त्या शेतात उभं कोण होतं? फ्रेंच प्रतिकार चळवळीतली माणसं. उलट्या 'एल'च्या आकारात तीन टॉर्च लावायचे, ठरलेलं मोर्स अक्षर चमकवायचं. अक्षर चुकलं तर विमान उतरायचंच नाही. उतरलं की डाव्या बाजूच्या पक्क्या बसवलेल्या शिडीवरून माणसं खाली, दुसरी वर, आणि काही मिनिटांत पुन्हा उड्डाण. चिखलात चाकं रुतली की मात्र सगळ्यांचीच पंचाईत.

१९४० मध्ये फ्रान्सवर दिवसाढवळ्या उडताना याच संथ विमानांची जर्मन फायटर्सनी दाणादाण उडवली होती. रात्रीच्या कामात मात्र तो संथपणाच पथ्यावर पडला.

ब्रिटिशांची गुप्त वायरलेस ऑपरेटर नूर इनायत खान, तिचा उल्लेख हवा होता. जून १९४३ मध्ये ती लायसँडरनेच फ्रान्समध्ये उतरली. तिचे वडील बडोद्याचे, आणि पणजोबा मौलाबक्षांनी सयाजीरावांच्या आश्रयाने तिथे गायनशाळा काढलेली! त्या रात्री विमान उतरवून घेणाऱ्या आंरी देरिकूरवर पुढे जर्मनांना फितूर असल्याचा खटला चालला. १९४८ मध्ये तो निर्दोष सुटला, पण संशय काही गेला नाही. त्याच्यावर एक वेगळा लेख येऊ द्या की.