वन मोअर डे : ती वीस वर्षं आता फक्त आपल्याला आठवतात

परवा माझ्या मावसभावाने 'वन मोअर डे' हे स्पायडरमॅनचं कॉमिक वाचून संपवलं. वय १९. स्पायडरमॅन त्याला सिनेमातून भेटलेला, कॉमिक्स आत्ता कुठे वाचायला लागलाय. पुस्तक परत द्यायला आला आणि दारातच म्हणाला, "दादा, शेवट विचित्र आहे, मान्य. पण लोक अजून एवढे का चिडतात यावर? कॉमिक्समध्ये मेलेलेसुद्धा परत येतात. सोडून द्यायचं ना."

तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. दोन दिवस तेच डोक्यात घोळतंय, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. पोस्ट लांबणार आहे.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी आधी गोष्ट. २००६ च्या 'सिव्हिल वॉर'मध्ये पीटर पार्कर भर पत्रकार परिषदेत मुखवटा काढतो. स्पायडरमॅन कोण, हे जगाला कळतं. गुन्हेगारांचा म्होरक्या किंगपिन तुरुंगात बसून मारेकरी पाठवतो आणि पीटरसाठी झाडलेली गोळी त्याला वाढवणाऱ्या मे काकूला लागते. पीटर दारोदार फिरतो, जादूगार डॉक्टर स्ट्रेंजपर्यंत जातो, पण तिला कुणीच वाचवू शकत नाही. मग येतो मेफिस्टो, मार्व्हलच्या जगातला सैतान. काकूला वाचवतो म्हणतो. मोबदल्यात त्याला आत्मा नको असतो, पीटर आणि त्याची बायको मेरी जेन यांचं लग्न हवं असतं. घटस्फोट नाही. ते लग्न कधी झालंच नव्हतं, असं व्हायला हवं. मुदत दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत. दोघं हो म्हणतात. सकाळी पीटर काकूच्या घरी जागा होतो तो एकटाच. काकू ठणठणीत. मुखवट्यामागचा चेहरा सगळं जग विसरलेलं. १९९३ साली मेलेला मित्र हॅरी ऑस्बोर्न जिवंत, आणि त्याच्या घरी पार्टी. २००७ च्या शेवटी चार अंकांत ही गोष्ट आली आणि संपली.

हे लग्न १९८७ सालचं. वार्षिकांकात तर ते झालंच, शिवाय ५ जून १९८७ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर, बेसबॉलच्या सामन्याआधी, नवरानवरीच्या वेशातल्या कलाकारांना उभं करून खरोखर लावलं. लग्न लावायला स्वतः स्टॅन ली. छापलेल्या माणसांच्या लग्नाला खरी माणसं स्टेडियमभर हजर होती. तेव्हा बारा वर्षांचा असलेला मुलगा २००७ मध्ये बत्तीस वर्षांचा झाला होता. त्याचंही लग्न झालं असेल, घरात आजारपणं येऊन गेली असतील. आणि पीटरचा संसार त्याच्या सोबतीला होता.

"चाहत्यांना सगळं गोड हवं असतं, दुःखी शेवट सोसत नाही" असं जे म्हटलं जातं ना, ते मला अजिबात पटत नाही. १९८८ मध्ये बॅटमॅनच्या वाचकांना फोन करून ठरवायला सांगितलं होतं की दुसरा रॉबिन, जेसन टॉड, जगावा की मरावा. मरावा म्हणणारे ५,३४३, जगावा म्हणणारे ५,२७१. बहात्तर मतांनी वाचकांनी त्या पोराला मारलं. तो निर्णय मला आवडत नाही, पण कॉमिक्स वाचणाऱ्यांना मृत्यू झेपत नाही असं तरी कुणी म्हणू नये.

आणि पीटरची प्रेयसी ग्वेन स्टेसी? १९७३. खलनायक ग्रीन गॉब्लिन तिला पुलावरून खाली फेकतो, पीटर जाळं सोडतो, जाळं तिच्या पायाला चिकटतं. पकडली! आणि त्याच चौकटीत तिच्या मानेपाशी, अगदी बारीक अक्षरांत, एक आवाज छापलाय : स्नॅप. पहिल्यांदा वाचताना तो माझ्या नजरेतून सुटला होता. दुसऱ्यांदा दिसला तेव्हा पोटात गोळा आला. गॉब्लिनने मारलं, की वाचवायला गेलेल्या पीटरच्या जाळ्यानेच मान मोडली? तेव्हाही वाचक भयंकर चिडले होते. पण ग्वेन गेली ती पीटरसाठीसुद्धा गेली. आपल्याला जे दुःख झालं तेच त्याला झालं, आणि पुढे वर्षानुवर्षं तो ते घेऊन हिंडला. वाचक आणि नायक एकाच बाजूला होते.

'वन मोअर डे'त नेमकं हेच तुटलं. पीटरला काही आठवतच नाही. त्याने काय गमावलं, कशासाठी गमावलं, कुणाशी सौदा केला, काहीच नाही. हा असा माणूस आहे की एका चोराला जाऊ दिलं म्हणून बेन काका गेला, आणि ती चूक तो १९६२ पासून पाठीवर वागवतोय. तीच त्याची ओळख. चूक झाली तर ती आपली म्हणायची आणि तिच्यासकट जगायचं. त्याला तुम्ही आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय घ्यायला लावता आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या डोक्यातून तो पुसून टाकता? सैतानाशी सौदा करून संसार घालवल्याचं ओझं घेऊन पीटर जगला असता तर मी ती गोष्ट रडत रडत वाचली असती. तक्रार केली नसती.

दुसरी गोष्ट मे काकूची. तिला कुणी विचारलं नाही. आपल्याकडे घरातलं म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की पहिलं वाक्य काय बोलतं? "आमचं झालं आता, तुम्ही तुमचं बघा." माझ्या आजीच्या ऑपरेशनसाठी बाबा गावाकडची जमीन विकायला निघाले होते. तिला कळलं तेव्हा दोन दिवस तिने जेवणाचं ताट बाजूला सारलं. बाबांनी तरीही प्रयत्न सोडले नाहीत, आणि तो त्यांचा हक्कच होता. पण आजीचं म्हणणं त्या घरात ऐकलं तरी गेलं. मे काकूच्या जिवाचा सौदा ती बेशुद्ध असताना झाला. शुद्धीवर असती तर पोराचा संसार देऊन मिळालेला एक दिवससुद्धा तिने घेतला नसता. हे मी माझ्या मनाने म्हणत नाही. त्या आधीची सहा वर्षं ज्याने वाचली आहेत त्याला ही काकू माहीत आहे.

ती सहा वर्षं लिहिली जे. मायकेल स्ट्राझिन्स्की यांनीच. 'वन मोअर डे'वर लेखक म्हणून नाव त्यांचंच आहे. शेवटच्या दोन अंकांवरून आपलं नाव काढावं, असं आपण ठरवलं होतं आणि जो केसाडांनी मन वळवलं म्हणून ते राहिलं, हे स्ट्राझिन्स्कींनी स्वतः जाहीरपणे सांगितलंय. केसाडा तेव्हा मार्व्हलचे मुख्य संपादक, आणि या चारही अंकांची चित्रं त्यांचीच. त्यांचं म्हणणं त्यांनी कधी लपवलं नाही : लग्नामुळे पीटर प्रौढ झाला, कथेच्या वाटा बंद झाल्या, घटस्फोटित किंवा विधुर केला तर तो आणखीच म्हातारा वाटेल. हा विचार मी समजू शकतो. पुढची पोरं वाचायला यावीत ही काळजी खरी आहे. नंतरच्या 'ब्रँड न्यू डे'च्या काळात काही कथा फार चांगल्या आल्या, हेही खरं.

पण लग्न झालेला नायक म्हातारा वाटतो, हे मला कधीच पटलेलं नाही. बाबांच्या ट्रंकेत मराठी इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा होता. वेताळाचं, म्हणजे फँटमचं, आणि डायनाचं लग्न १९७७ मध्ये झालं, पुढे जुळी मुलं झाली, आणि वेताळाच्या कवटीच्या अंगठीची जरब तसूभरही कमी झाली नाही. उलट मला मुलं झाल्यानंतरचा वेताळ जास्त आवडायचा, कारण आता तो गुहेत परत आला नाही तर वाट बघणारं कुणीतरी होतं.

आणि वर्तमानपत्रातली स्पायडरमॅनची चित्रपट्टी बघा. तीवर स्टॅन ली यांचं नाव असायचं. १ जानेवारी २००९ ला तिथेही पीटरला अचानक अविवाहित आणि कॉलेजात जाणारा केलं. वाचकांना ते अजिबात रुचलं नाही. काही महिन्यांत, त्याच वर्षी मे मध्ये, पीटर मेरी जेनच्या शेजारी जागा झाला. मधलं सगळं स्वप्न होतं. वाचकांचं ऐकून पाऊल मागे घेण्यात कमीपणा वाटला नाही तिथे कुणाला.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. रागाच्या नावाखाली लेखकांना धमक्या देणारे माझे कुणी नाहीत. २०१२ मध्ये पीटरला खलनायक डॉक्टर ऑक्टोपसच्या शरीरात अडकवून मारणारा सातशेवा अंक आला तेव्हा त्याचे लेखक डॅन स्लॉट यांना ठार मारण्याच्या धमक्या गेल्या. माणूस गोष्ट लिहितो, त्याला घाबरवून काय मिळणार? विकत घेऊ नका, लिहा, वाद घाला. धमकी देणाऱ्याने पीटर पार्कर वाचलाच नाही असं मी समजतो.

आता मूळ प्रश्न, लोक अजून का चिडतात. उत्तर मला त्या पुस्तकातच मिळालं, काल पुन्हा चाळताना. मेफिस्टो सौद्याच्या अटी सांगतो तेव्हा म्हणतो की तुम्ही दोघं विसराल, पण तुमच्या आत्म्याचा एक बारीकसा भाग विसरणार नाही. काय गेलं ते त्याला कळत राहील, तो आक्रोश करत राहील, आणि तो ऐकण्यातच माझा आनंद आहे. इतकी वर्षं मी हे सैतानाचं टाळ्याखाऊ वाक्य म्हणून वाचत होतो. काल वाटलं, तो बारीकसा भाग म्हणजे आम्ही. पीटरला आठवत नाही, मेरी जेन विसरली, जग विसरलं. शे स्टेडियमवरचं लग्न, नंतरची भांडणं, वेगळं होणं, परत एकत्र येणं, हे सगळं आता फक्त वाचकाच्या डोक्यात शिल्लक आहे. ज्यांच्या बाबतीत घडलं त्यांच्याकडून काढून घेऊन ते आमच्याकडे ठेवलंय. आम्ही सोडून दिलं तर ते कुठेच उरणार नाही. मग कसं सोडून देणार?

भावाला मी हे काही समजावत बसलो नाही. त्याला २००२ सालचा एक अंक दिला, स्ट्राझिन्स्की आणि जॉन रोमिटा ज्युनियर यांचा, ३८ वा. त्यात मारामारी नाही. मे काकूला पीटरचं गुपित कळलंय आणि दोघं एका खोलीत बसून बोलतात, बस. बोलता बोलता पीटर कबूल करतो की त्या चोराला मी जाऊ दिलं होतं, म्हणून बेन काका गेला. आणि काकू सांगते की त्या रात्री आमचं भांडण झालं होतं, म्हणून बेन घराबाहेर पडला होता, इतकी वर्षं मी स्वतःलाच दोष देत आले. एकाच मृत्यूचा दोष दोघं एकाच घरात, एकमेकांपासून लपवून, वाहत होती. रोमिटांनी काकूचा चेहरा असा काढलाय की पान उलटवत नाही.

म्हटलं, हा वाच आणि मग 'वन मोअर डे'ची शेवटची पानं पुन्हा बघ. सकाळी काकूच्या घरी तो जागा होतो ती.

रात्री दीड वाजता त्याचा मेसेज आला. "दादा, म्हणजे ते दोघं जे बोलले, ते तिला आता आठवत नाही?"

नाही म्हणून कळवलं. तिला नाही आठवत.