कावळ्याच्या काळ्या यादीत

मे महिन्यात मी भाजी आणायला हेल्मेट घालून जातो. स्कूटरवर नव्हे, चालत. भाजीवालीला आता सवय झाली आहे, पण नवीन गिऱ्हाइकं जरा सरकून उभी राहतात. आमच्या गेटापाशी गुलमोहर आहे, गुलमोहरावर कावळ्याचं घरटं आहे आणि त्या कुटुंबाने साऱ्या सोसायटीतून वैरासाठी माझी एकट्याची निवड केली आहे.

प्रकरण तसं किरकोळ. मागच्या उन्हाळ्यात त्यांचं एक पिल्लू खाली पडलं. वॉचमनने ते उचलून कंपाउंडच्या भिंतीवर ठेवलं. मी शेजारी उभा राहून "हळू, हळू, असं धर" एवढंच म्हणत होतो. ऑफिसातही मी हेच करतो आणि तिथे त्याचा पगार मिळतो. पण वॉचमनने उन्हासाठी तोंडाला रुमाल गुंडाळला होता आणि माझं तोंड उघडं होतं. झालं! तेव्हापासून वॉचमन त्याच झाडाखाली खुर्ची टाकून निवांत डबा खातो, आणि मी जिन्यातून नुसता बाहेर पडलो की वरून पुकारा सुरू. मग पलीकडच्या विंगेवरचे कावळे येतात, समोरच्या बँकेवरचे येतात. एवढी गर्दी माझ्या लग्नालाही नव्हती.

बरं, समोरून येऊन भांडावं, तर तेही नाही. पाठ वळली की मागून झेप, टाळूवर टपली, आणि आपण वर बघेपर्यंत साहेब तारेवर बसून चोच पुसताहेत.

"कावळ्याला काय कळतंय तू कोण ते?" बायको म्हणाली. "ऑफिसात तरी कुणाला कळतं?"

कावळ्याला कळतं. अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ नावाच्या प्राध्यापकांनी हे तपासून पाहिलं. त्यांच्या मंडळींनी २००६ साली आदिमानवाचा मुखवटा घालून काही कावळे पकडले, पायात कडी अडकवली आणि सोडून दिले. पुढे तो मुखवटा घालून कुणीही आवारात फिरलं, की कावळे बोंब ठोकत मागे लागायचे. वर्षानुवर्षं! ज्यांना कधी कुणी हातही लावला नव्हता, तेही बाकीच्यांचं बघून ओरडायला शिकले. तुलनेसाठी दुसरा मुखवटा होता तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांचा. त्यांच्याकडे कावळ्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणजे अमेरिकेच्या उपराष्ट्राध्यक्षाला माफी आणि मला, ज्याला सोसायटीच्या मीटिंगमध्येही कुणी बोलू देत नाही त्याला, जन्मठेप.

हे मी तळमजल्यावरच्या काकांना सांगितलं. काका रिटायर्ड आहेत, त्यामुळे त्यांच्याकडे उपाय नेहमी तयार असतो. म्हणाले, "अरे, सुंदरबनात मध गोळा करणारे डोक्याच्या मागच्या बाजूला मुखवटा बांधायचे. वाघ मागून येतो, चेहरा दिसला की बिचकतो. तू पण बांध." मुलीचा गॅदरिंगचा मुखवटा घरात होताच, पण तो नेमका वाघाचा. मागे वाघ, पुढे मी, हातात दुधाची किटली. कावळा बिचकला की नाही हे कळायला मार्ग राहिला नाही, कारण गल्लीतली कुत्री त्याच्या आधी पोचली.

एरवी पक्ष्यांबद्दल माझं मत वाईट नाही. माझ्या स्कूटरच्या आरशावर शिंजिराचा नर येतो, अंगठ्याएवढा, जांभळा-काळा, आणि आरशातल्या प्रतिस्पर्ध्याला चोची मारमारून थकतो. त्याला स्वतःचा चेहरा ओळखता येत नाही. माझा कुठून येणार? असा शेजार परवडतो. कबुतरांचं मात्र मला कोडंच आहे. जपानमध्ये शिगेरू वातानाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कबुतरांना मोने आणि पिकासो यांची चित्रं वेगवेगळी ओळखायला शिकवलं, १९९५ साली निबंध छापला. आमच्याकडे तोच कलासमीक्षक एसीच्या खोक्यावर तीन काड्या आडव्यातिडव्या टाकतो, त्याला घरटं म्हणतो आणि अंडं गडगडत खाली गेलं की माझ्याकडे बघतो.

पण खरा राग वेगळाच आहे.

पहाटे चारला कोकिळाचं सुरू होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणतात, "किती गोड गाते नाही!" गाणारा नर असतो, काळाभोर, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर ठिपके, आणि ती नुसतंच किक-किक करते. आमच्या गुलमोहराशी दोघांचं काम ठरलेलं. नर मुद्दाम कावळ्यांच्या नजरेसमोर मिरवतो, कावळे चवताळून त्याच्या मागे जातात, तेवढ्यात मादी घरट्यात अंडं टाकून पसार. ते फुटतं कावळ्याच्या अंड्यांच्या आधी, म्हणजे पहिला घास त्याचाच.

यंदा मी ते पिल्लू पाहिलं. कावळीण त्याला आमच्याच घरातून गेलेली पोळी भरवत होती. रंग वेगळा, आवाज वेगळा, आंधळ्यालाही कळावं. आणि ही बाई! जिने माझा चेहरा वर्षभर लक्षात ठेवला, मी दाढी वाढवली तरी ओळखला, चष्मा बदलला तरी ओळखला, लग्नाला जाताना फेटा बांधला तरी ओळखला, तिला घरात कोण जेवतंय हे कळत नाही! मला राहवलं नाही. हेल्मेटची काच वर करून मी झाडाखालून ओरडलो, "अगं, नीट बघ तरी! ते तुझं नाही!"

तिने पोळी पिल्लाच्या घशात कोंबली आणि सरळ माझ्यावर आली. काच उघडीच होती.

मग पाऊस पडला, घरटं रिकामं झालं, टपल्या थांबल्या. मला वाटलं, मिटलं. भाद्रपदात आजोबांचं, म्हणजे अण्णांचं, श्राद्ध आलं. गच्चीच्या कठड्यावर पान ठेवलं: खीर, वडे, आजोबांची आवडती आळूची भाजी. टाकीवर कावळे ओळीने बसलेले, पण पानाकडे एकही फिरकेना. सगळे माझ्याकडे बघत होते. बाबांनी हात जोडले, आत्याने आजोबांना काय काय कबूल केलं, गुरुजींनी घड्याळ पाहिलं. मला कारण ठाऊक होतं, पण गुरुजींसमोर सिएटल कुठून काढणार? शेवटी बाबा दबक्या आवाजात म्हणाले, "तू जरा खाली जाऊन ये."

मी जिन्याच्या पहिल्या वळणावर पोचतो न पोचतो तोच वर पंखांचा फडफडाट झाला आणि पाठोपाठ आत्याचा आवाज आला:

"बघ! मी तेव्हाच म्हटलं होतं, अण्णांची सायकल याने भंगारात घालायला नको होती."