राजीनामा फेकावा तर असा

राजकारणात तुमचं बरं चाललंय ना? मग एक राजीनामा फेकाच. कसा, ते न्यूयॉर्कच्या रॉस्को कॉन्कलिंगकडून शिका.

हा युटिका गावचा वकील. १८५८ मध्ये तिथला महापौर, १८६७ पासून सिनेटर. अंगाने धिप्पाड, कपाळावर एक बट मुद्दाम रुळत सोडलेली. बटेला हसू नका, निम्मं राजकारण तिच्या जिवावर चालतं. १८६६ मध्ये, सिनेटर होण्याआधी प्रतिनिधिगृहात असताना, तिथल्या जेम्स ब्लेन या सदस्याने भर सभागृहात त्याच्या चालण्याला टर्की कोंबड्याच्या डौलाची उपमा दिली. तुम्ही-आम्ही चार दिवस धुसफुसलो असतो आणि मग एका ताटात जेवलो असतो. कॉन्कलिंगने मरेपर्यंत वैर सोडलं नाही. चिकाटी लागते हो.

आता मुख्य कृती. १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफिल्डने न्यूयॉर्क बंदराच्या जकात कचेरीवर विल्यम रॉबर्टसन हा कॉन्कलिंगच्या विरोधातला माणूस नेमला. ही कचेरी म्हणजे साहेबांची दुभती गाय. आपली माणसं चिकटवायची आणि त्यांच्या पगारातून पक्षासाठी वर्गणी कापायची. गाय दुसऱ्याच्या दावणीला निघालेली पाहून साहेबांनी १६ मे रोजी सिनेटचा राजीनामा दिला. पाठोपाठ राज्याचे दुसरे सिनेटर टॉमस प्लॅट यांचाही राजीनामा. लोकांनी प्लॅटचं नाव 'मी पण' असं पाडलं.

हिशेब सोपा होता. तेव्हा सिनेटर निवडायचं राज्याचं विधिमंडळ. ऑल्बनीचे, म्हणजे राज्याच्या राजधानीतले, आमदार गहिवरून दोघांना परत पाठवतील, मग गारफिल्डचं नाक खाली! मनधरणीला खुद्द उपराष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर ऑल्बनीत ठाण मांडून होते. तेही साहेबांच्याच तालमीतले. आठवडेच्या आठवडे मतदान चाललं. मध्येच २ जुलैला एका माथेफिरूने 'मी स्टॉलवर्ट' असं ओरडत गारफिल्डला गोळ्या घातल्या, आणि स्टॉलवर्ट हे तर कॉन्कलिंगच्याच गटाचं नाव. जुलै संपता संपता आमदारांनी साहेबांची जागा दुसऱ्यालाच दिली.

इथे खचू नका. गारफिल्ड गेल्यावर आर्थर राष्ट्राध्यक्ष झाले. १८८२ मध्ये त्यांनी गुरूला सर्वोच्च न्यायालयात नेमलं, सिनेटने मंजुरीही दिली. आता? अर्थातच नकार द्यायचा! त्यापेक्षा रेल्वे कंपनीची वकिली बरी. गुलामीतून सुटलेल्यांसाठी केलेल्या चौदाव्या घटनादुरुस्तीतली 'व्यक्ती' म्हणजे कंपनीसुद्धा, असं कोर्टाला पटवायला निघायचं. वर पुरावा काय, तर मसुदा समितीत मी स्वतः होतो ना!

शेवटचा धडा १२ मार्च १८८८ चा. न्यूयॉर्कमध्ये तुफान बर्फ. वॉल स्ट्रीटवरून घरच्या बाजूला जायला घोडागाडीवाल्याने ५० डॉलर मागितले. तुम्ही घासाघीस केली असती, नाहीतर कचेरीतच पथारी पसरली असती. कॉन्कलिंग चालत निघाला. वय ५८. युनियन स्क्वेअरमध्ये बर्फात रुतला, कसाबसा सुटला, मॅडिसन स्क्वेअरजवळच्या क्लबपाशी येऊन कोसळला. महिन्याभराने, १८ एप्रिलला गेला.

पन्नास डॉलर मात्र वाचले.