खडीच्या थराने निचरा होत नाही

‘कुंडीच्या तळाशी 2 इंच खडी घाला, म्हणजे निचरा चांगला होतो’ हे कुंडीतल्या भाज्यांवरच्या एका लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. ते खडीच्या वरच, मातीत अडकून राहतं आणि चिखल मुळांच्या आणखी जवळ येतो. शेजारच्या काकूंचं पिवळं पडलेलं टोमॅटोचं रोप आम्ही कुंडीतून उपटलं, तेव्हा खडी जवळपास कोरडी होती आणि तिच्यावरची मुळं काळी, बुळबुळीत!

बाल्कनीतल्या कुंडीत आधीच खोली कमी, त्यातले 2 इंच दगडांना कशाला द्यायचे? भोकं मोकळी ठेवा, त्यांवर जाळीचा तुकडा टाका आणि मातीतच कंपोस्ट, परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके, पांढरे खनिज दाणे) मिसळून ती भुसभुशीत करा. पालक-कोथिंबिरीचं उथळ कुंडीत भागतं, टोमॅटो-वांग्याला मात्र मिळेल तेवढी खोली हवी.